विटेच्या पोटातला काळा पट्टा आणि मोबाइलमधलं सिरॅमिक : भाजण्याआधी आतलं पॉलिमर बाहेर कसं काढतात?

गोंदिया जिल्ह्यात कुठल्याही बांधकामाशेजारी विटांचे तुकडे पडलेले असतात. त्यातला एखादा उचलून त्याची आतली बाजू नीट बघा. पुष्कळदा कडा छान लाल असतात आणि मधोमध मात्र करडा किंवा चक्क काळा पट्टा असतो. मातीच खराब असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तो पट्टा म्हणजे भट्टीत अर्धवट राहिलेल्या कामाची खूण आहे. मातीत गवताची मुळं, शेण, धानाचं तूस असं काही ना काही सेंद्रिय असतंच. तापल्यावर ते जळून बाहेर पडायला हवं. कडेचं पडलं. मधल्याला वेळ पुरला नाही किंवा हवा पोचली नाही, म्हणून त्याचा कोळसा आतच अडकला. शिवाय हवा न मिळाल्यामुळे मातीतल्या लोहालाही लाल रंग चढला नाही.

आता जरा लांबची उडी. तुमच्या मोबाइलमधले बारीक कपॅसिटर, दातावर बसवायची पांढरी झिर्कोनियाची कॅप, गाडीच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग, या सगळ्या वस्तू सिरॅमिकच्या आहेत. त्या बनवणाऱ्यांसमोरही नेमका हाच प्रश्न असतो. वस्तूच्या पोटात काहीतरी मुद्दाम घातलेलं असतं, भाजण्याआधी ते पूर्ण बाहेर काढायचं असतं आणि काढताना वस्तू फुटू द्यायची नसते. कारखान्यात या पायरीला ‘डीबाइंडिंग’ म्हणतात. सिरॅमिकच्या कामात सर्वात जास्त उष्णता लागते ती शेवटच्या भाजणीत, दीड हजार अंशांच्या आसपास. पण माल सर्वात जास्त फुटतो तो त्याच्या कितीतरी आधी, १५० ते ५०० अंशांच्या दरम्यान, जेव्हा भट्टी अजून लालही झालेली नसते.

पॉलिमर घालायचंच कशाला?

कुंभाराच्या मातीला वेगळा चिकटा लागत नाही. चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांवर घसरतात, तरी सुटत नाहीत. म्हणून चाकावर माती वर खेचता येते आणि दिलेला आकार टिकतो. अ‍ॅल्युमिना, झिर्कोनिया किंवा सिलिकॉन नायट्राइड यांच्या पुडीला हा गुण नाही. ती पाण्यात कालवली तर ओल्या वाळूसारखी वागते. मूठ उघडली की ढासळली.

म्हणून त्या पुडीत मेण आणि प्लास्टिक मिसळतात. पॅराफिन मेण, पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि थोडं स्टिअरिक अ‍ॅसिड हे नेहमीचं मिश्रण. या मिश्रणाला बाइंडर म्हणायचं. पुडी आणि बाइंडर गरम करून एकजीव केले की घट्ट पिठासारखा लगदा होतो. प्लास्टिकची बादली किंवा बाटलीचं झाकण जसं साच्यात दाबून काढतात, तसाच हा लगदा साच्यात दाबता येतो. ही कल्पना नवी नाही. जनरल मोटर्सच्या स्पार्क प्लग विभागात काम करणारे कार्ल श्वार्ट्झवाल्डर यांनी सिरॅमिकच्या इंजेक्शन मोल्डिंगवर लेख लिहिला तो १९४९ साली.

यात बाइंडर किती असतो ते बघा. अ‍ॅल्युमिनाच्या मिश्रणात वजनाने तो साधारण १५ टक्के भरतो. फार वाटत नाही. पण अ‍ॅल्युमिना पॉलिमरपेक्षा चौपट जड आहे. जागेच्या हिशेबाने पाहिलं तर तोच बाइंडर ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू जवळजवळ अर्धी प्लास्टिकची असते, आणि ते अर्धं प्लास्टिक तिच्या आकाराला धक्का न लावता काढून घ्यायचं असतं. घर पाडू न देता विटांमधला सगळा गारा काढून घेण्यासारखं हे काम आहे.

एका ग्रॅमला एक लिटर

धोका कुठे आहे, ते एका आकड्यात समजतं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. त्याची १०० अंशांवर वाफ झाली की तिला सुमारे १७०० मिलिलिटर जागा लागते. कुंभार कच्ची मडकी आधी सावलीत आणि मग उन्हात कडकडीत वाळवतो ते यासाठीच. ओलसर मडकं आव्यात गेलं आणि आच एकदम चढली, तर आतल्या पाण्याची वाफ वाट न सापडल्याने भिंत फोडून बाहेर येते. एक मडकं फुटलं की त्याचे तुकडे शेजारची चार घेऊन जातात. म्हणून आवा पेटवल्यावर सुरुवातीचे काही तास आच मंदच ठेवतात. धूर आणि वाफ निघून गेल्यावरच जाळ वाढवतात.

पॉलिमरचं गणितही असंच आहे. पॉलिमर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. तापल्यावर त्या तुटतात आणि लहान तुकड्यांचा वायू होतो. तुकडे किती लहान होतात त्यावर आकडा बदलतो, पण ४०० अंशांना एका ग्रॅम पॉलिमरचा ढोबळमानाने लिटरभर वायू होतो. मुठीत मावेल एवढ्या १०० ग्रॅमच्या वस्तूत १५ ग्रॅम बाइंडर असेल, तर आतून १५ लिटर वायू बाहेर यायचा आहे. आणि सुरुवातीला त्या वस्तूत एक भोकही नसतं. कणाकणांमधली प्रत्येक फट बाइंडरने भरलेली असते.

वाळलेल्या मडक्यात निदान पाणी उडून गेलेल्या जागी बारीक छिद्रं असतात. साच्यातून निघालेल्या सिरॅमिकमध्ये तीही नसतात. त्यामुळे खोलवर तयार झालेल्या वायूला मऊ झालेल्या पॉलिमरमधून झिरपत पृष्ठभागापर्यंत यावं लागतं. झिरपण्यापेक्षा वायू जास्त वेगाने तयार झाला की आत बुडबुडा धरतो. पोळी फुगावी तशी वस्तू फुगते, किंवा तिचे पापुद्रे सुटतात, किंवा केसासारखी तडा जाते. शेवटचा प्रकार सर्वात वाईट. ती तडा डोळ्यांना दिसत नाही, पुढच्या भाजणीतही भरून येत नाही, आणि वस्तू वापरात आल्यावर तिथूनच मोडते. सिरॅमिकचा कृत्रिम खुबा बसवलेल्या माणसाच्या बाबतीत हे परवडणारं नाही.

वाट आधी, आच नंतर

यावरचा मुख्य उपाय साधा आहे. सगळा बाइंडर एकदम काढायचा नाही. बाइंडर मुळातच दोन-तीन पदार्थांचा बनवतात, ते यासाठी. त्यातलं मेण लवकर निघणारं आणि पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक उशिरा निघणारं. पहिल्या टप्प्यात फक्त मेण काढतात. काही ठिकाणी वस्तू हेप्टेनसारख्या द्रावकात बुडवून ठेवतात आणि मेण त्यात विरघळतं. मेणाऐवजी पाण्यात विरघळणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरलं असेल तर कोमट पाणीही चालतं. काही ठिकाणी वस्तू बारीक पुडीत पुरून हळूहळू तापवतात. वातीने तेल ओढावं तसं ती पुडी वितळलेलं मेण शोषून घेते. मेण गेलं की त्याच्या जागी पृष्ठभागापासून आतपर्यंत छिद्रांची जाळी तयार होते. उरलेलं प्लास्टिक तोवर कणांना धरून असतं. मग ते जाळायला घेतलं, की त्याच्या वायूला बाहेर पडायला रस्ता आधीच मोकळा झालेला असतो.

आणखी एक हुशार पद्धत आहे. बाइंडर म्हणून पॉलिअ‍ॅसिटल हे प्लास्टिक घ्यायचं आणि १२० अंशांच्या आसपास त्यावर नायट्रिक आम्लाची वाफ सोडायची. पॉलिअ‍ॅसिटल वितळायला साधारण १६५ अंश लागतात, म्हणजे ते अजून घन अवस्थेतच असतं. आम्लामुळे ते पृष्ठभागाकडून आत असं थराथराने तुटत जातं. वायू कायम बाहेरच्या कडेला तयार होतो, त्यामुळे पोटात दाब साठत नाही. त्यातून निघणारा वायू मात्र फॉर्मल्डिहाइड, म्हणजे विषारी. तो वेगळ्या ज्वालेत जाळून टाकावा लागतो.

आच किती वेगाने वाढवायची हे अंदाजाने ठरवत नाहीत. वस्तूचा लहानसा तुकडा नाजूक तराजूला जोडलेल्या भट्टीत तापवतात आणि कोणत्या तापमानाला वजन किती घटतं याचा आलेख काढतात. ज्या टप्प्यात वजन भराभर घसरतं, तो टप्पा धोक्याचा. खऱ्या भट्टीत तिथे गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची. तासाला पाच-दहा अंश एवढाच वेग ठेवायचा, गरज पडली तर तासन् तास एकाच तापमानाला थांबायचं. पुढे बाइंडर संपला की वेग वाढवायला हरकत नसते.

सर्वात जास्त फरक पाडते ती भिंतीची जाडी. वायू झिरपून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३ मिलिमीटरच्या भिंतीला दहा तास लागत असतील, तर ६ मिलिमीटरच्या भिंतीला वीस नाही, चाळीस लागतील. म्हणूनच या पद्धतीने बनवलेल्या वस्तू बहुतेक लहान आणि पातळ भिंतींच्या असतात. वीतभर जाडीचा ठोकळा असा बनवायला कोणी जात नाही. ‘सिरॅमिक एवढं मजबूत आहे तर त्याचं अख्खं इंजिन का बनवत नाहीत’ या नेहमीच्या प्रश्नाचं सगळं नाही, पण थोडं उत्तर इथे आहे.

भट्टीत हवा हवी की नको?

विटेला हवा हवीच. हवेतल्या ऑक्सिजनशिवाय कोळसा जळणार कसा? सिरॅमिकमध्ये मात्र उत्तर वस्तूप्रमाणे बदलतं. हवा असेल तर पॉलिमर जळताना स्वतःची उष्णता सोडतं. बाहेर आच मंद ठेवली तरी आतलं तापमान एकाएकी चढू शकतं आणि सगळा हिशेब चुकतो. नायट्रोजन भरला तर पॉलिमर जळत नाही, फक्त तुटतं. काम शांतपणे होतं, पण कोळसा मागे राहण्याची भीती वाढते.

कोळसा राहणार की नाही हे पॉलिमरच्या जातीवरही ठरतं. अ‍ॅक्रेलिक तापवलं की त्याच्या साखळीचा मणी-मणी सुटत जातो आणि जवळजवळ काही उरत नाही. त्यामुळे बाइंडर म्हणून ते लोकप्रिय आहे. उलट फिनॉलिक रेझिन, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीतलं प्लास्टिक, बराचसा कोळसा मागे सोडतं.

मोबाइलमधल्या कपॅसिटरचं प्रकरण यात सर्वात नाजूक. बेरियम टायटनेट या सिरॅमिकचे एकेक मायक्रॉनच्या आसपासचे थर आणि त्यांच्या मध्ये निकेलचे थर, अशी शेकडो थरांची चळत असते. एका स्मार्टफोनमध्ये असे शेकडो कपॅसिटर असतात, महागड्या फोनमध्ये हजाराच्या घरात. आता पेच असा की थरांमधला बाइंडर जाळायला ऑक्सिजन हवा, आणि ऑक्सिजन जास्त झाला तर निकेल गंजतं. म्हणून भट्टीतली हवा अगदी मोजूनमापून ठेवावी लागते.

महाराष्ट्रात याच कुळातलं एक काम तारापूरला होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तिथल्या केंद्रात युरेनियम आणि प्लुटोनियमच्या ऑक्साइडपासून मॉक्स नावाचं अणुइंधन बनवलेलं आहे. त्याच्या गोळ्याही सिरॅमिकच. पूड दाबून गोळी बनवताना घातलेला सेंद्रिय पदार्थ शेवटच्या भाजणीआधी तापवून काढून टाकावा लागतो.

बाइंडर गेल्यावर उरते ती भुसभुशीत, खडूसारखी वस्तू. हिला फार सांभाळून हाताळावं लागतं. मग खरी भाजणी, जिला सिंटरिंग म्हणतात. तीत कण एकमेकांना जुळून येतात, बाइंडरने रिकामी केलेली जागा भरून निघते आणि वस्तू सर्व बाजूंनी १५ ते २० टक्के आक्रसते. साचा तेवढा मोठा घ्यायचा हे ठरलेलंच असतं. दातांच्या लॅबमध्ये झिर्कोनियाची कॅप मुद्दाम २०–२५ टक्के मोठी कोरतात, ती या आक्रसण्यासाठीच. लॅबमध्ये येणाऱ्या त्या पांढऱ्या ठोकळ्यातला बाइंडर कारखान्यातच काढलेला असतो आणि ठोकळा कोरता येईल इतपतच अर्धवट भाजलेला असतो.

तूस जातं, पण राख राहते

परत धानाच्या पट्ट्यात येऊ. गोंदियाच्या राईस मिलमधून निघणारं तूस हेसुद्धा रासायनिकदृष्ट्या मुख्यतः पॉलिमरच आहे. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे सगळे निसर्गाने बनवलेले पॉलिमर. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. म्हणजे १०० किलो धानामागे २० किलोच्या आसपास.

विटेच्या मातीत तूस मिसळलं तर ते बाइंडरचं काम करत नाही. मातीला धरून ठेवायला पाणी आणि चिकणमाती आहेतच. तूस मदत करतं ती वाळताना तडा कमी करायला आणि भट्टीत आतूनच थोडं जळण पुरवायला. ते जळून गेलं की त्याच्या जागी पोकळी राहते. वीट हलकी होते आणि उष्णता कमी वाहून नेते. पण तूस जास्त झालं तर वीट कमजोर होते आणि तो काळा पट्टाही रुंदावतो. भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटा बनवताना हाच गुण मुद्दाम वापरतात. लाकडाचा भुसा किंवा तूस घालायचं आणि जाळून विटेत छिद्रं पाडायची.

कारखान्यातल्या बाइंडरपेक्षा तूस एका बाबतीत अगदी वेगळं आहे. ते पूर्ण नाहीसं होत नाही. त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा भाग राख म्हणून उरतो आणि त्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. धानाचं रोप ही सिलिका मातीतून शोषतं आणि टरफलात साठवतं. दाताच्या झिर्कोनियात अशी राख उरली तर माल फेकून द्यावा लागेल. विटेत तिचं काही बिघडत नाही, माती स्वतःच सिलिकेने भरलेली असते. जुन्या खापरांत तर तुसाने मागे सोडलेल्या खुणा हा पुरातत्त्वज्ञांसाठी ठेवाच ठरतो. उत्तर प्रदेशात बेलन नदीच्या खोऱ्यातल्या कोल्डिहवा इथे मडक्यांच्या मातीत सापडलेल्या तुसावरूनच तिथल्या प्राचीन भाताविषयी चर्चा सुरू झाली. त्याचा काळ किती जुना, यावर अजून वाद आहेत.

जिथे घाईच बरी

हळू तापवा हा नियम सगळीकडे लागू होतो असं मात्र नाही. गोंदियाच्या पूर्वेला छत्तीसगड. तिथल्या बस्तरच्या ढोकरा मूर्ती तुम्ही प्रदर्शनात पाहिल्या असतील. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांनी नक्षी काढायची, वरून मातीचे थर चढवायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं, अशी ती पद्धत. वरच्या थरांच्या मातीत इथेही तूस मिसळतात. ते जळून झालेल्या छिद्रांतून वायू निघून जातो.

याच पद्धतीचं कारखान्यातलं रूप म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंग. टर्बाइनची पाती अशी ओततात. तिथे मेणाभोवतीचं सिरॅमिकचं कवच हळूहळू तापवलं तर फुटतं, कारण मेण तापताना आणि वितळताना बरंच फुगतं. सगळं मेण एकदम फुगायला लागलं की कवचाला तडा. म्हणून ते कवच दाबाखालच्या गरम वाफेत झटक्यात तापवतात. कवचाला चिकटलेला मेणाचा पातळ थर आधी वितळून वाहून जातो, आणि उरलेल्या मेणाला फुगायला जागा मिळते. दोन्हीकडे तत्त्व एकच, आतल्याला बाहेरची वाट आधी करून द्यायची. फक्त मेण एकसंध गोळ्यात असेल तर ती वाट घाईने होते, आणि कणाकणांत विखुरलेलं असेल तर सावकाशीने.

तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या राखेपासून ज्या करड्या फ्लाय अ‍ॅश विटा बनतात, त्यांना हा प्रश्नच येत नाही. त्या भाजत नाहीत. चुना किंवा सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेने त्या घट्ट होतात. त्यामुळे त्या फोडून काळा पट्टा शोधायला जाऊ नका.

सध्या सिरॅमिकची पूड मिसळलेल्या फिलामेंट आणि रेझिनने थ्री-डी प्रिंटिंग करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. छापलेली वस्तू घरच्या ओव्हनमध्ये ‘जरा तापवून’ पक्की होईल असा समज त्यातून होतो. तसं होत नाही. घरचा ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात बाइंडर मऊ होतो, थोडा तुटायला लागतो आणि त्याचा ज्वलनशील, काही वेळा विषारी धूर स्वयंपाकघरात पसरतो. वस्तू मात्र तशीच राहते किंवा वाकते. अशी वस्तू भाजायची असेल तर तापमान टप्प्याटप्प्याने ठरवता येणारी भट्टी आणि धूर बाहेर नेणारी सोय लागते. वस्तूची भिंतही शक्य तितकी पातळ ठेवावी लागते, आणि रेझिन किंवा फिलामेंट बनवणाऱ्या कंपनीने दिलेलं तापमानाचं वेळापत्रक अर्ध्यावर न आणता जसंच्या तसं पाळावं लागतं.